निरोगी गट

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत हातगाडी आडवी आली नसती तर रिक्षा थांबली नसती, आणि रिक्षा थांबली नसती तर संबोधीला आपले वडील रांगेत उभे असलेले दिसले नसते. ती थर्माकोलच्या पेट्या घ्यायला आली होती. परवा रविवारी रक्ताच्या नळ्या उन्हातून लॅबपर्यंत न्यायच्या होत्या आणि पेट्या पुरवणारा माणूस ‘कल पक्का, मैडम’ म्हणत आठवडाभर झुलवत होता. दोन पेट्या मांडीवर आणि एक पायाशी, अशी ती अवघडून बसली होती. उजव्या हाताला एक बोळ होता. बोळाच्या तोंडाशी काही म्हातारी माणसं ओळीनं उभी होती आणि त्यातली मधली पाठ तिच्या ओळखीची होती. माणूस ओळखायला चेहरा लागतो म्हणतात, पण बापाची पाठ पोर आधी ओळखतं, कारण सायकलच्या कॅरियरवर बसून वर्षानुवर्षं तीच बघितलेली असते. डावा खांदा जरा खाली, मान पुढे. सकाळी तिचे बाबा, धोंडिबा, ‘गेटवर मीटिंग आहे’ असं सांगून निघाले होते. बंद मिलचं गेट इथून चांगलं लांब. त्यांच्या पुढे पांडुरंगकाका होते, मिलच्या रिंग खात्यातले, सूतकताईतले त्यांचे जोडीदार. तेवढ्यात धोंडिबांनी मान वळवली. दोघांची नजर भेटली, चांगली भेटली, आणि मग शाळा चुकवलेल्या पोरानं मास्तर दिसल्यावर वळवावं तसं त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. हातगाडी निघाली. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, “उतरना है क्या, मैडम?” ती म्हणाली, “नहीं, चलो भिया.”

का उतरलो नाही, हे ती जेल रोडपर्यंत स्वतःला विचारत राहिली. पेट्या होत्या, हे एक कारण झालं, पण ते तिला स्वतःलाच पटेना. त्या बोळात काय असेल? सट्टा असेल. या वयात आणि बाबा? पण सट्ट्याला वय लागत नाही, आणि मिल बंद पडून दहा-बारा वर्षं झालेल्या माणसाला दुपार कशी काढायची हाही प्रश्नच असतो. दारू असेल. पण दारूला कोणी शुभ्र शर्ट घालून रांग लावत नाही. मग तिला आणखीही काहीबाही सुचलं आणि तिची तिलाच लाज वाटली. संशय घेणं ही तिची लहानपणापासूनची खोड. दूध पिण्याआधी वास घ्यायची, दुकानदारानं दिलेली वही पानं उलटून बघायची. मीराबाई, तिची आई, वैतागून म्हणायची, या पोरीला नाक वास घ्यायला नाही, संशय घ्यायला दिलंय. धोंडिबांना मात्र कौतुक होतं. विहारात काय शिकवतात, तपासल्याशिवाय मानायचं नाही, मग माझी पोरगी तेच करते, असं ते चारचौघांत सांगायचे. पुढे त्याच खोडीची तिनं पदवी केली, मग पीएच.डी., आणि आता पोस्टडॉक. हा शेवटचा शब्द परदेशीपुऱ्यात, त्यांच्या मिलवस्तीत, कोणालाच झेपला नव्हता. डॉक्टर झाली ना, मग अजून शिकतेय काय, असं बायका मीराबाईला विचारत. मीराबाई सांगे, मोठी डॉक्टर व्हायला जास्त शिकावं लागतं. दवाखान्यात बसून लोकांचा ताप बघणारी ही डॉक्टर नाही, हे तिलाही उशिराच समजलं होतं.

आता संबोधीचं काम काय, तर संशय घेणाऱ्यांचा अभ्यास. माणसाच्या रक्तात रखवालदार पेशी असतात. बाहेरचं कोणी शिरलं की त्या तुटून पडतात. पण कधीकधी त्यांची मती फिरते आणि त्या घरच्याच माणसावर उठतात, सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर. कुंपणानंच शेत खायचा प्रकार. अशा वेळी त्यांना आवरायला रक्तातच दुसऱ्या काही पेशी असतात. त्या स्वतः कोणावर हात टाकत नाहीत. त्या नुसतं म्हणतात, पुरे, हा आपलाच आहे. इंग्रजीत रेग्युलेटरी टी सेल्स, लॅबच्या बोलीत टी-रेग. गंमत म्हणजे, एकेकाळी या आवरणाऱ्या पेशींवरच जगानं संशय घेतला होता. अशा पेशी असतात असं म्हणणाऱ्यांना हसून गप्प बसवलं गेलं, आणि मग वीसेक वर्षांनी पुन्हा त्याच पेशी वेगळ्या नावानं, वेगळी खूण घेऊन समोर आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी मानाचा पाट मांडला गेला. संबोधीला हे फार आवडायचं. संधिवाताच्या रोग्यांत या आवरणाऱ्या पेशी कमी पडतात, की असून नुसत्या बसून असतात, एवढंच तिला शोधायचं होतं. त्यासाठी रोग्यांचं रक्त हॉस्पिटलात हवं तेवढं मिळत होतं. अडचण होती ती दुसऱ्या पारड्याची. तुलनेसाठी त्याच वयाची, सांधे न दुखणारी, कसलंही औषध न घेणारी माणसं हवी होती. आणि हॉस्पिटलात जो येतो तो कुठेतरी दुखतं म्हणूनच येतो. जेवताना हे ती सहज बोलली, तेव्हा धोंडिबांनी हातातला घास थांबवला. “माणसं मी देतो ना,” ते म्हणाले. “मिलचे आहेत की सगळे. कापूस खाऊन पचवलेले लोक आहेत, बेटा. लोहा.”

आणि त्यांनी दिली. विहाराच्या हॉलमध्ये सतरंजी घातली, खिडकीजवळ टेबल लावलं. हॉस्पिटलातल्या सिस्टरकडून संबोधीनं रक्त काढायला शिकून घेतलं होतं. माणसं बुद्धजयंतीला यावीत तशी आली, आंघोळ करून, केसांना तेल लावून. कोणी न सांगता त्यांनी ओळ धरली. तिला त्या शिस्तीचं नवल वाटलं होतं. ती एकेकाला विचारत होती, काका, गुडघे दुखतात का, हात आखडतात का सकाळी, औषध-पाणी काही? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं, नाही. नाही. काही नाही. पांडुरंगकाकांनी तर बाही वर करताना तिला दंड फुगवून दाखवला. ओळीत सगळ्यांच्या मागे धोंडिबा उभे होते, यजमानासारखे. त्यांचंही रक्त तिनं काढलं. बापाच्या हाताला पट्टा बांधून शीर शोधताना तिला भरून आलं, पण ते तिनं कोणाला दिसू दिलं नाही. लॅबच्या मीटिंगमध्ये ती म्हणाली होती, सर, जन्मभर मिलमध्ये राबलेली माणसं आहेत, आणि एकालाही सांधेदुखी नाही. लॅबचे प्रमुख अरविंद सर हसून म्हणाले होते, “म्हणजे आपण सगळे ऑफिसात बसून बिघडलो म्हणायचं.” संबोधीला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो शास्त्रज्ञाचा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तो वस्तीचा होता, आडनावाचा होता, महूच्या छावणीत शिपाई असलेल्या आजोबांचा होता. तो तिनं खुशाल वाटू दिला.

मग आकडे आले. रोग्यांचं रक्त अपेक्षेप्रमाणे वागलं. निरोगी गटाचं वागेना. बशीत रखवालदार पेशींना डिवचलं की त्या भराभर वाढायला हव्यात, मग त्यात आवरणाऱ्या पेशी घालायच्या आणि वाढ किती रोखली जाते ते बघायचं. विहारातून आलेल्या पेशी डिवचून डिवचून वाढेनात. गुंगीत असल्यासारख्या पडून. आणि आवरणाऱ्या पेशी पाहाव्यात तर नको तेवढ्या जास्त. दुसऱ्या खेपेलाही तसंच. आकडे बघता बघता संबोधीच्या मनात एक वाक्य आलं, कोणीतरी यात काहीतरी घातलंय. ते वाक्य नंतर मनातून जाईना. ती पेट्या सांभाळत लॅबच्या जिन्यावर पोचली तेव्हाही ते होतंच, फक्त आता त्याच्या शेजारी बापाचं भिंतीकडे वळलेलं तोंड येऊन उभं राहिलं होतं. दोघांचा काही संबंध नाही, असं ती स्वतःला बजावत जिना चढली.

अरविंद सर काल म्हणाले होते, “हे बघ संबोधी, सोमवारी दिल्लीची कमिटी येतेय काम तपासायला. नळ्यांना हात लागतात दोघांचे, तुझे आणि उदयसिंहचे. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. कुणी हयगय केली, कुणी नळ्या बदलल्या, तू मला नाव सांग. मग मी कमिटीला सांगेन, टेक्निशियन बदललाय, गट नव्यानं करतोय. पण नाव पक्कं हवं.” तिनं म्हटलं होतं, बहुतेक उदयसिंहच. सर म्हणाले, बहुतेक नको, शुक्रवार संध्याकाळपर्यंत पक्कं कर, मी फोन करतो. तो शुक्रवार आज होता. उदयसिंह ठेक्यावर होता. नाव गेलं की सोमवारी त्याची खुर्ची रिकामी, आणि ठेकेदाराकडे दुसरा माणूस तयारच असणार. हल्ली शहरात सगळं असंच चाललं होतं. मिलच्या जागांवर प्लॉट पडत होते, नवी दुकानं काचेची होत होती आणि माणूस बदलणं बल्ब बदलण्याइतकं सोपं झालं होतं.

उदयसिंहवर संशय घ्यायला कारणं नव्हती असं नाही. रविवारची ड्यूटी त्याची. रेडिओवर क्रिकेट लागलं की त्याचं लक्ष उडायचं. पण संबोधी स्वतःशी खरं बोलायची झाली तर तिचा संशय नळ्यांपासून सुरू झालाच नव्हता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यानं विचारलं होतं, मैडम, पूरा नाम क्या है आपका? तिनं आडनाव सांगितलं. तो ‘अच्छा’ म्हणाला होता. त्या ‘अच्छा’नंतर तिनं त्याला तिच्या बाटलीतलं पाणी पिताना पाहिलं नव्हतं. त्याआधी तरी पाहिलं होतं का? आठवेना. तो स्वतःची बाटली आणायचा, हे खरं. पण लोक आणतातच. या एका बाबतीतला तिचा संशय आजवर इतक्या वेळा खरा ठरला होता की तो संशय राहिलाच नव्हता, कान-डोळ्यांसारखं एक जास्तीचं इंद्रिय झालं होतं. वसतिगृहात, पुण्याच्या खोलीमालकिणीकडे, एका मैत्रिणीच्या लग्नात. त्या इंद्रियानं तिला कितीदा वाचवलं होतं. मग आजच त्यावर अविश्वास का ठेवायचा? पण पाण्याची बाटली आणि पेशींची वाढ यांचा संबंध कसा जोडायचा, हे तिला कोणत्याही शास्त्रात बसवता येत नव्हतं. आणि तरीही तिनं तो जोडला होता. इतका सफाईनं जोडला होता की सरांसमोर ‘बहुतेक’ म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तो सेंट्रिफ्यूज पुसत होता. “पेटी मिल गई, मैडम जी? मेरे को बोलते, मैं ले आता.”

“संडेला इन्क्युबेटर,” ती मराठीत सुरू झाली, मग हिंदीत वळली, “संडे को इन्क्युबेटर आप ही देखते हैं ना?”

“और कौन देखेगा. आपने ही तो ड्यूटी लगाई.” त्यानं फडकं घडी करून ठेवलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “मैडम, मैं भी देख रिया हूँ तीन दिन से. सर बात करते-करते चुप हो जाते हैं. शक है तो शक है. बस सर से बोलने के पहले मेरे से बोल देना. मेरे को भी घर जाके कुछ बोलना पड़ेगा.”

“ऐसा कुछ नहीं है,” ती म्हणाली. खोटं बोलताना आपला आवाज किती सरळ येतो हे ऐकून तिला स्वतःचीच भीती वाटली. तो पेट्या उचलून आतल्या खोलीत घेऊन गेला. त्याची पाठ बघताना तिला दुसऱ्या पाठी दिसल्या, बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या. धोंडिबा, पांडुरंगकाका, त्यांच्या मागे तो उंच, बहिरा झालेला माणूस, ज्याची शीर सापडत नव्हती. त्याच्याही मागे टोपीवाला. एकेक दंड तिनं पट्टा बांधून पाहिलेला होता. म्हणजे रांगेत बापाचे मित्र उभे नव्हते. रांगेत तिचा निरोगी गट उभा होता, परवाच्या तपासणीआधी काहीतरी घ्यायला. हे तिच्या रिक्षातच लक्षात आलं होतं, पहिल्या क्षणी, म्हणूनच ती उतरली नव्हती. सट्टा, दारू, भलतंसलतं, हे सगळं तिनं पुढच्या रस्त्यात मुद्दाम रचलं होतं, खरी गोष्ट झाकायला. आणि उदयसिंहही त्यातच. त्याला दोषी धरणं सोपं होतं, सोयीचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात एक जुना हिशेब चुकता केल्याचं सुखही होतं. ती मायक्रोस्कोपसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. दोन वर्षांचं काम एका बोळाच्या तोंडाशी रांग लावून उभं होतं आणि ती तिथून रिक्षा पुढे काढून आली होती.

ती त्या दिवशी लवकर निघाली. घरी मीराबाई पालेभाजी निवडत बसली होती. “आलीस? इतक्या लवकर? चाय ठेवते.”

“बाबा कुठायत?”

“गेटवर.”

“आई, मी त्यांना राजवाड्यावर पाहिलं.”

मीराबाईनं एक देठ मोडला, दुसरा मोडला. “पाहिलंस तर मग विचारतेस कशाला?”

“तिथे काय आहे?”

“काही नाही गं. वैद आहे एक. पुडी देतो, हाता-गुडघ्याची. सगळेच घेतात मिलवाले.” मग लेकीचा चेहरा बघून तिनं घाईनं सावरून घेतलं, “रोज नाही घेत. सही सांगते. रोज घेतली तर तोंड सुजतं. तुझी ती तपासणी असली ना, तेव्हाच. दोन दिवस आधीपासून. मतलब हात मोकळे राहतात, तुझ्यासमोर नीट चालता येतं. पांडुरंगभाऊ तर एरवी संडासलाही दोघांचा हात धरून जातात.”

“पुडी कशी असते? रंग?”

“सफेद. कडू. पण काय असर आहे सांगू, दोन तासांत माणूस उठून बसतो.”

संबोधी खाली बसली. जगातली कोणतीही मुळी दोन तासांत माणसाला उठवून बसवत नाही. ते एकच औषध करतं. स्वस्त असतं, गोळ्या कुटून पुडीत घातल्या की ओळखू येत नाही, आणि ते रक्तात गेलं की रखवालदार पेशी गुंगून पडतात, आवरणाऱ्या वाढतात. कोणीतरी काहीतरी घातलंय, हे तिचं वाक्य खरंच होतं. फक्त ती चुकीच्या खोलीत शोधत होती. राग आला तिला, आधी आईचा, मग त्या वैदाचा, मग विहारात ओळीनं ‘नाही, नाही’ म्हणणाऱ्या त्या सगळ्यांचा, की तुम्हाला मी साधा प्रश्न विचारला होता, मराठीत विचारला होता, तुमच्या घरची पोर म्हणून विचारला होता. आणि रागाच्या तळाशी लाज होती. प्रत्येक नळीवर, प्रत्येक आकड्यावर, उदयसिंहच्या पाण्याच्या बाटलीवर संशय घेणाऱ्या तिनं या एकाच उत्तरावर कधी संशय घेतला नव्हता. कारण ते तिला ऐकायला हवं होतं. तिची माणसं लोखंडाची निघायला हवी होती. बापाच्या बोटांचे सांधे गेले वर्षभर तिच्या ताटासमोर होते, सुजलेले, वाकडे, आणि शेकडो रोग्यांचे तसे सांधे ओळखणाऱ्या तिला ते एकदाही दिसले नव्हते.

धोंडिबा आले ते चपला बाहेर काढून बराच वेळ ओट्यावरच उभे राहिले. मग आत येऊन भिंतीशी टेकून बसले. मीराबाई भाजी घेऊन आत निघून गेली. संबोधीनं ठरवलं होतं, शांतपणे विचारायचं. पण ‘बाबा, दुखतं का’ असं विचारलं तर काय उत्तर येईल हे तिला आता ठाऊक होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मिलमध्ये डॉक्टर तपासायचा, तेव्हा कसं असायचं?”

“मेडिकल?” त्यांना विषय बदलल्याचं बरं वाटलं. “लाइन लावायचे. दवाखान्याच्या बाहेर. डॉक्टर टेबलावर बसलेला, वर बघायचा पण नाही. एकेकाला आत.”

तिनं असं का केलं ते तिलाही कळलं नाही. तिनं मान खाली घातली, समोर कोणी नसल्यासारखी, आणि कोरड्या आवाजात विचारलं, “कोई तकलीफ?”

“नहीं साहब,” धोंडिबा म्हणाले.

ते बोलून गेले आणि मग त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. ते बोलले, अगदी हळू. “हो म्हटलं की गेला ना माणूस, बेटा. पांडुरंगचा भाऊ एकदा बोलला, खांदा दुखतो. सच्चा माणूस होता. दुसऱ्या दिवशी बदली कामगारांत टाकलं, कोणी गैरहजर असला तरच काम, मग घरी. तेव्हापासून मेडिकल आलं की सगळे त्या वैदाकडे. तेव्हा आताच्या वैदाचा बाप बसायचा तिथे.”

“पण मी मिलची डॉक्टर नाही. मी तुमची मुलगी आहे.”

“म्हणून तर.” ते चकित झाल्यासारखे म्हणाले, जणू ही तर उघड गोष्ट होती. “तू म्हणालीस निरोगी माणसं पाहिजेत. मी जबान दिली, माणसं मी देतो. आता त्यात अर्धे लंगडत आले असते तर तुझ्या साहेबांनी काय म्हटलं असतं? आणि खरं सांगू, आम्हालाही बरं वाटायचं गं. मिल गेली, सांवेर रोडच्या वॉचमनीतून काढलं, शटर उचलवत नाही म्हणून. मीच सोडली असं घरी सांगितलं. कोणाला काय कामाचे आहोत आम्ही? तू बोलावलंस, विचारलंस, आणि पास केलंस. बाहेर येऊन सगळे हसत होते त्या दिवशी. पास झालो म्हणाले.”

तिचा फोन वाजला. अरविंद सरांचा होता. उठून बाहेर जावं असं तिच्या मनात आलं, पण ती तिथेच बसून बोलली, कारण बाहेर जाणं म्हणजे पुन्हा रिक्षा पुढे काढणं होतं. “सर, उदयसिंहचा काही संबंध नाही. नाही, पक्कं. चूक माझी आहे. निरोगी गटातले लोक पुडी घेतात, स्टेरॉइड असणार. हो, सगळे. हो, सांधेदुखी आहे.” मग ती ऐकत राहिली. सर चिडले नव्हते, ते मार्ग शोधत होते. त्यांनी विचारलं, मग रोग्यांच्या गटात घालता येतील का? “नाही सर. औषधावर आहेत, तिथेही चालणार नाहीत. बादच करावे लागतील. हो, दोन्ही खेपा. सोमवारी कमिटीला मी सांगेन, माझ्या नावानं.” फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. उदयसिंह सोमवारी आपल्या खुर्चीवर असेल आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिईल, आणि ते का, हे तिला कधीच कळणार नाही. पण समोर धोंडिबा बसले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“बाद,” ते म्हणाले. “मला पण?”

“हो, बाबा.”

“पांडुरंगला पण.”

“सगळ्यांनाच.” मग तिनं घाईनं जोडलं, “सोमवारनंतर मी तुम्हाला ओपीडीत नेते. सगळ्यांना नेते. नीट औषध सुरू करू. ती पुडी आता नको.”

त्यांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते. काहीतरी जुळवत होते. “रविवारी येतील ते सगळे विहारात. आंघोळ-बिंघोळ करून. तू नको सांगू त्यांना. तू सांगितलं तर लागेल त्यांना. मी सांगतो.”

“काय सांगाल?”

“मशीन बिघडली म्हणून सांगतो. मशीन बिघडली की माणसाला कोणी नाव ठेवत नाही.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पण पांडुरंग पक्का आहे. विचारेल, किती दिवसांत ठीक होईल. काय सांगू?”

जन्मभर खऱ्याची चाड बाळगलेल्या संबोधीनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

“म्हणावं, पार्ट जर्मनीवरून यायचाय,” ती म्हणाली.

धोंडिबांनी विचार केला आणि ते पटल्यासारखी मान डोलावली. “जर्मनीचा ना,” ते म्हणाले. “मग लागतात दिवस.”